राखेचं लेड पुन्हा पुन्हा फेल होतंय? आधी चुन्याचं पोतं खाली ठेवा

इन्सिनरेटरच्या, म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीच्या, बॅग फिल्टरमधली (धुरातली राख अडवणाऱ्या पिशव्यांमधली) राख घेतली, त्यातलं लेड म्हणजे शिसं आत बांधून राहावं म्हणून चुना टाकला, सिमेंट टाकलं, पाणी मारून ब्लॉक पाडले, ब्लॉक हातोड्यानं फुटेना इतके घट्ट झाले आणि तरी टीसीएलपीच्या, म्हणजे माल ॲसिडच्या पाण्यात फिरवून किती धातू सुटतो ते बघायच्या चाचणीच्या, रिपोर्टात लेड फेल. मग सगळे म्हणतात डोस कमी पडला, पुढच्या बॅचला चुना वाढवा. चुना वाढवला की लेड अजून वर. मग सिमेंट वाढवा, तरी तेच. मधेच एखादी बॅच काही न बदलता पास होते, सगळ्यांना वाटतं चला जमलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जैसे थे. सोलापुरात या कामातली माणसं भेटली की हाच विषय निघतो म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट, कारण आपल्याकडं राख म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फताटेवाडीच्या एनटीपीसीची राख येते. ती कोळशाची राख, तिच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये जाते. इन्सिनरेटरची राख ही पूर्ण वेगळी चीज आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत शेड्यूल १ मध्ये ३७.२ नंबरला ती सरळ नाव घेऊन दिलेली आहे, आणि दवाखान्याचा कचरा जाळणाऱ्यांनाही त्यांच्या २०१६ च्या नियमांनुसार राखेत मर्यादेबाहेर काही निघालं तर ती घातक कचऱ्याच्या केंद्रातच पाठवावी लागते. ही राख कुणी वीटभट्टीवाल्याला दिली किंवा खड्डा भरायला नेऊ दिली तर ते लेड आणि कॅडमियम कुणाच्या तरी अंगणात आणि बोअरमध्ये जाणार, तिथं लहान पोरं खेळतात. त्यामुळं पास-फेलचा विषय नुसता कागदाचा नाही हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आता मूळ मुद्दा. रिपोर्ट हातात आला की सगळे लेडचा आकडा बघतात, ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत आहे की बाहेर. पहिल्यांदा बघायचा तो आकडा वेगळाच आहे, १८ तास बाटली फिरवून झाल्यावर त्या पाण्याचा पीएच किती होता, म्हणजे फायनल पीएच. बऱ्याच लॅब तो रिपोर्टात छापतच नाहीत पण त्यांच्या वहीत तो असतो, मागून घ्या, हक्कानं मागा. तो आकडा नसेल तर रेसिपीला हात लावू नका, कारण अंधारात डोस वाढवणं हेच या रोगाचं मूळ आहे.

कारण असं की लेड हा उभयधर्मी धातू आहे, ॲसिडमध्ये विरघळतो आणि कडक अल्कलीतही विरघळतो. साधारण साडेनऊ-दहाच्या आसपास पीएच असला की लेड हायड्रॉक्साइड सगळ्यात कमी विरघळतं, त्याच्या खाली गेलात तरी लेड सुटतं आणि १२ च्या वर गेलात तरी सुटतं. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच असतो १२.४ च्या आसपास. म्हणजे राखेत मोकळा चुना भरपूर असेल तर आपणच लेड विरघळायची सोय करून ठेवतो. झिंकचंही असंच आहे. कॅडमियम मात्र वेगळं वागतं, ते ११ च्या आसपास सगळ्यात शांत असतं, १२ लाही फारसा त्रास देत नाही, पण पीएच ६-७ वर आला की धो धो सुटतं.

म्हणून रिपोर्ट असा वाचायचा. लेड जास्त, कॅडमियम जवळजवळ नाहीच, तर पीएच १२ च्या वर आहे, चुना जास्त झालाय. कॅडमियम जास्त आणि लेडही थोडं आलंय, तर पीएच खाली पडलाय, चाचणीतलं ॲसिड पचवायला राखेत ताकद उरली नाही. पीएच नऊ-दहाला छान बसलाय आणि तरी दोन्ही जास्त, तर मिक्सिंग नाही तर क्लोराइड. आणि बाकी सगळं ठीक, फक्त क्रोमियम वर, तर ते हेक्साव्हॅलंट (क्रोमियमचं सहज विरघळणारं रूप) आहे, त्याला चुन्यानं कधीच काही होत नाही, कितीही टाका. माझ्या मते निम्म्याहून जास्त भांडणं एवढ्यावरच मिटतात.

चुना जास्त म्हणजे किती जास्त, याचा हिशोब सोपा आहे आणि तो प्रत्येक प्लांटमध्ये भिंतीवर लिहून ठेवायला पाहिजे. टीसीएलपीचं दोन नंबरचं द्रावण म्हणजे एक लिटर पाण्यात ५.७ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, पीएच २.८८. एका भाग राखेला वीस भाग द्रावण. म्हणजे एक किलो राखेच्या वाट्याला साधारण दोन मोल ॲसिड येतं. तेवढं ॲसिड मारायला हायड्रेटेड लाइम लागतो ७४ ग्रॅमच्या आसपास. याचा अर्थ राखेत साडेसात टक्क्यांच्या वर मोकळा चुना असेल तर चाचणीतलं सगळं ॲसिड संपतं आणि वर उरलेला चुना पीएच थेट १२ च्या पुढं नेतो. आता विचार करा, भट्टीचा गॅस साफ करायला डक्टमध्ये कोरडा चुना मारतात तिथं बॅग फिल्टरच्या राखेत न वापरलेला चुना आधीच किती पडलेला असतो, आणि त्यावर आपण परत चुना ओततो, परत सिमेंट ओततो, सिमेंटसुद्धा शेवटी चुनाच सोडतं.

तेव्हा पहिला इलाज फुकटातला आहे. येणाऱ्या राखेचा पीएच आणि अल्कलिनिटी रोज बघा. दहा ग्रॅम राख घ्या, २०० मिली दोन नंबरचं द्रावण घाला, बाटलीला घट्ट झाकण लावून रात्रभर फिरवा किंवा हलवत राहा आणि सकाळी पीएच मीटर लावा. ही काही अधिकृत चाचणी नाही, पण राख कुठल्या बाजूला झुकलीय ते कळतं, मीटर मात्र रोज बफरला कॅलिब्रेट केलेला पाहिजे नाहीतर सगळं वाया. साडेआठ ते साडेदहाच्या मधे आकडा आला तर पीएचसाठी काहीच टाकायची गरज नाही.

हे कळलं की "मागच्या महिन्यात पास, या महिन्यात फेल" याचंही कोडं सुटतं. चुन्याचा फीडर कुणीतरी वाढवून ठेवला, चुन्याची गाडी बदलली, नवा माल जास्त शुद्ध आला, किंवा राख ताजी होती. हे ताज्या-जुन्या राखेचं लोकांच्या लक्षात येत नाही. ओलसर राख शेडमध्ये काही आठवडे पडून राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड खाते, चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पीएच हळूहळू १२ वरून नऊ-दहाकडं उतरतो, लेड आपोआप कमी सुटतं. म्हणजे जी बॅच पास झाली ती रेसिपीमुळं नव्हे तर गाडी उशिरा आली म्हणून पास झाली असणं अगदी शक्य आहे. हे मुद्दाम करायचं असेल तर राख किंचित ओली ठेवून पक्क्या फरशीवर, छपराखाली, पाणी बाहेर वाहणार नाही अशा जागी पसरायची आणि मधून मधून उलथायची. कोरडी खडखडीत राख वर्षभर ठेवली तरी काही होत नाही, ओल लागतेच, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात ती ओल दुपारपर्यंत टिकत नाही हे ध्यानात घ्या. वारा सुटला की बारीक राख उडते, म्हणून ताडपत्री पाहिजे आणि उलथणाऱ्या माणसाला साध्या रुमालावर भागवायला लावू नका, चांगला डस्ट मास्क द्या.

आता मिक्सिंग. पीएच बरोबर आहे, डोस बरोबर आहे, तरी फेल, असं असेल तर पग मिलमधून, म्हणजे राख कालवायच्या मिक्सरमधून, बाहेर पडलेला माल घमेल्यात घ्या आणि त्यातला लिंबाएवढा गोळा हातमोजा घालून फोडा. बाहेरून काळपट ओला आणि आत पांढरी कोरडी राख तशीच दिसली तर उत्तर मिळालं. बॅग फिल्टरची राख इतकी बारीक असते की पाणी एकदम ओतलं की तिचे गोळे होतात आणि रसायन आत पोचतच नाही. आमच्याकडचे एक ऑपरेटर अण्णा आहेत, ते दर बॅचला दोन-चार गोळे फोडून बघितल्याशिवाय माल पुढं सोडत नाहीत, "आत कोरडं दिसतंय की सर, अजून फिरू द्या" एवढंच म्हणतात आणि त्यांच्या पाळीतला माल सहसा मागं येत नाही. रसायन आधी पाण्यात विरघळवून घ्यायचं, पाणी फवाऱ्यानं थोडं थोडं द्यायचं, कणीक मळताना देतो तसं, आणि सिमेंट सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर सिमेंट राखेच्या कणांवर आधीच बसतं आणि फॉस्फेट किंवा सल्फाइडला लेडपर्यंत रस्ताच राहत नाही.

ब्लॉक घट्ट आहे म्हणजे माल सुरक्षित आहे हा गैरसमज तर काढूनच टाका. टीसीएलपीला ब्लॉक फोडून साडेनऊ मिलिमीटरच्या आतले तुकडे करूनच घेतात, त्यामुळं ताकदीचा तिथं फार उपयोग नाही, आत रसायनानं लेड धरून ठेवलंय की नाही तेवढंच दिसतं. तरी क्युरिंग, म्हणजे ब्लॉक ओला ठेवणं, सोडू नका. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ च्या वर जातो, सकाळी पाडलेला ब्लॉक संध्याकाळी वरून वाळून पांढरा पडतो, आणि आतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली की सिमेंटचं हायड्रेशन जवळजवळ थांबतं. ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, निदान आठवडाभर. गोणपाटातून गळणारं पाणीसुद्धा गोळा करून परत मिक्सिंगलाच वापरा, गटारात सोडू नका.

उलट प्रकार म्हणजे ब्लॉक आठवडा झाला तरी मऊच. तिथं बहुतेक झिंकचा हात असतो, झिंक आणि लेडचे क्षार सिमेंटचं सेटिंग लांबवतात. आणि ब्लॉक फुगला, त्याला भेगा गेल्या, वर बुडबुड्यांची भोकं दिसली तर राखेत ॲल्युमिनियम धातू आहे, गोळ्यांच्या पाकिटांची फॉइल वगैरे. अल्कलीत ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडतं, एका ग्रॅमला सव्वा लिटरच्या वर. हे हलक्यात घेऊ नका. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की पेट घ्यायला ठिणगी पुरते. ओली राख ड्रममध्ये भरून झाकण ठोकून ठेवलं आणि झाकण वर फुगलेलं दिसलं तर तिथं वेल्डिंग, ग्राइंडर, बिडी काही नको, ड्रम सावलीत उघड्यावर ठेवून जाणत्या माणसाकडून हळू मोकळा करून घ्या. अशी राख आधी एक-दोन दिवस ओली करून मोकळ्या हवेत बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्यायची, मगच सिमेंट.

रसायनं कुठली वापरायची हा प्रश्न शेवटी येतोच. लेडसाठी माझी पहिली पसंती फॉस्फेटला. फॉस्फेट, लेड आणि क्लोराइड मिळून क्लोरोपायरोमॉर्फाइट नावाचं खनिज तयार होतं आणि ते अतिशय कमी विरघळतं, पीएच थोडा इकडं तिकडं झाला तरी बऱ्यापैकी टिकतं. कागदावरचा डोस बघून मात्र फसू नका. किलोला २ ग्रॅम लेड असेल तर हिशोबानं शुद्ध फॉस्फोरिक ॲसिड ०.६ ग्रॅमपेक्षाही कमी लागतं, पण राखेतलं कॅल्शियम आधी त्यावर झडप घालतं आणि लेडच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, म्हणून प्रत्यक्षात राखेच्या वजनाच्या काही टक्के लागतं, नेमके किती ते आपल्याच राखेवर चार-पाच बरण्यांत वेगवेगळा डोस लावून ठरवायचं. दुसऱ्याच्या प्लांटचा आकडा आपल्याला चालत नाही. फॉस्फोरिक ॲसिडचा फायदा म्हणजे जास्तीचा चुनाही त्यातच मरतो, फक्त हळूहळू टाका, गरम होतं आणि उडतं.

खताच्या दुकानातनं डीएपी आणून टाकायची आयडिया बऱ्याच जणांना येते कारण ते स्वस्त आणि हाताशी. नका करू. कडक अल्कलीत डीएपीमधला अमोनिया बाहेर पडतो, शेडमध्ये माणूस उभा राहू शकत नाही, आणि वर तो अमोनिया कॉपर, झिंक, कॅडमियमशी जोडी करून त्यांनाच जास्त विरघळवतो. आणि राखेत आर्सेनिक असेल तर कुठलंही फॉस्फेट जपून, आर्सेनेट आणि फॉस्फेट एकाच जागेसाठी भांडतात आणि आर्सेनिक बाहेर ढकललं जातं.

पीएच खाली पडून कॅडमियम फेल होत असेल तर चुन्याऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड घ्या. जरा महाग पडतं, पण त्याचा पीएच साधारण साडेदहाला जाऊन थांबतो, हात सैल सुटून जास्त पडलं तरी १२ वर जात नाही, आणि चाचणीतलं सगळं ॲसिड मारायला किलोला ४० ग्रॅमच पुरतं. रात्रपाळीत वजनकाटा न बघता घमेल्यानं माल टाकायची सवय असलेल्या ठिकाणी तर हे पैसे मला पूर्ण वसूल वाटतात.

क्रोमियमसाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. हेक्साव्हॅलंट क्रोमियमला ट्रायव्हॅलंट करायचं, मग ते आठ-नऊच्या पीएचला खाली बसतं. एक ग्रॅम हेक्साव्हॅलंट क्रोमियमला हिशोबानं १६ ग्रॅम हिराकस, प्रत्यक्षात दुपटीच्या आसपास धरा. पोतं उघडून रंग बघा, हिरवट पाहिजे. तपकिरी पिवळं पडलं असेल तर ते हवेनं फेरिक झालंय, त्यानं काही कमी होणार नाही. पावसाळ्यात उघडी राहिलेली पोती हमखास अशी होतात. विरघळवायचं तेव्हाच्या तेव्हा आणि टाकायचं चुना-सिमेंटच्या आधी.

सोडियम सल्फाइड लेड, कॅडमियम, मर्क्युरी सगळ्यांवर चालतं आणि डाईंगच्या धंद्यातल्या माणसांना ते ओळखीचं आहे, पण इथं मी हात जोडून सांगतो, ॲसिड आणि सल्फाइड एका पाळीत एका मिक्सरमध्ये कधीच नको. पीएच खाली आला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं गॅस गेला आणि तो तिथंच कोसळतो. पीएच दहाच्या वर असल्याची खात्री, गॅसचा मीटर, मोकळी हवा, यातलं एक जरी नसेल तर सल्फाइडचं नाव काढू नका. डायथायोकार्बामेट जातीची चिलेट (धातूला धरून ठेवणारी) रसायनं जपानमध्ये फ्लाय ॲशला बरीच वापरतात, डोस कमी लागतो, पण खर्च जास्त आणि तीही ॲसिडमध्ये फुटून कार्बन डायसल्फाइड सोडतात, म्हणून तीच काळजी.

क्लोराइडबद्दल थोडक्यात. बोअरचं पाणी खारं म्हणून फेल होतं असं म्हणणारे बरेच भेटतात. चुना मारलेल्या बॅग फिल्टरच्या राखेतच क्लोराइड वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर सहज असतं, त्यापुढं बोअरच्या पाण्यातलं काहीच नाही. क्लोराइड कॅडमियमला धरून विरघळतं ठेवतं हे खरं. राख पाण्यानं धुतली की ते जातं, पण ते धुतलेलं पाणी १२ पीएचचं आणि लेडनं भरलेलं असतं, ते कुठं नेणार? पाण्याची ओढ असलेल्या गावात मला तो रस्ता पटत नाही. त्यापेक्षा मागं जा. पीव्हीसी जळतंय का बघा. लाल पिशवीतल्या (न जाळायच्या) सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे जाळायच्या पिवळ्या पिशवीतून भट्टीत येत असतील तर क्लोरीन तिथनंच येतंय, लेड आणि कॅडमियम क्लोराइड होऊन उडतात आणि थंड झाल्यावर बॅग फिल्टरच्या बारीक कणांवर जाऊन बसतात. दवाखान्यांना पिशव्यांचे फोटो दाखवून सांगितलं की फरक पडतो, रागावून सांगितलं तर पडत नाही. तळाची राख आणि बॅग फिल्टरची राख एकत्र करायचीही सवय सोडा, तळाची बऱ्याचदा सोपी असते, उगाच सगळाच माल अवघड होतो. माती किंवा वाळू मिसळून आकडा खाली आणणं तर इलाजच नाही, लेड आहे तेवढंच राहतं.

लॅबला नमुना देताना ड्रमच्या वरवरचा देऊ नका, बॅचच्या वेगवेगळ्या जागचा घेऊन एकत्र करून ढीग चार भागांत वाटत वाटत कमी करा. लॅबला विचारा एक नंबरचं द्रावण वापरलं की दोन नंबरचं, कारण अल्कली राखेला आधीच्या छोट्या चाचणीवरून दोन नंबरचं लागतं, आणि चुकून एक नंबरचं, ४.९३ पीएचचं वापरलं तर त्यात मोकळं ॲसिड खूप कमी असल्यानं तोच माल १२ वर राहून लेडला फेल दिसू शकतो. दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा आधी हे तपासा.

आणि रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला किंवा जिथं कुठं तुमचा माल जातो तिथं फॉर्म १० (मालासोबत जाणारा कागद) भरून गाडी सुटली तरी त्या बॅचमधला अर्धा किलो डब्यात भरून तारीख, डोस आणि फायनल पीएच लिहून ठेवा, तीन महिन्यांनी त्याचाच पीएच पुन्हा बघा. सल्फाइडचा माल हवेनं बिघडतोय का, कार्बोनेशननं पीएच आठच्या खाली चाललाय का, हे त्यातनंच कळेल आणि पुढच्या बॅचला काय बदलायचं तेही. कुणाला अडलं आणि विचारायचं असलं तर निदान चार गोष्टी सोबत लिहा, राख ताजी की जुनी, गॅसला चुना कोरडा मारता की ओला स्क्रबर (गॅस पाण्यानं धुणारा) आहे, फायनल पीएच किती, आणि लेड-कॅडमियमचे दोन्ही आकडे. नुसतं "लेड फेल येतंय, काय टाकू" यावर कुणालाच धड सांगता येणार नाही.